उंची, अंतर, रंग : बडोद्यातल्या एका वेब डिझायनरचा दिवस

सकाळी ९.००

अलकापुरीतल्या कार्यालयात आल्यावर आधी ग्राहकांचे रात्रीचे निरोप वाचते. आज दोन मोठी कामं आहेत. एक मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचं, दुसरं दांडिया बाजार भागातल्या एका मराठी वाचनालयाचं. तिसरं काम माझं मीच घेतलं आहे. ब्राउझरमधल्या मोफत लाइव्ह स्टाइलशीट एडिटरबद्दल आमच्या कामाशी संबंध येणाऱ्यांना काय वाटतं ते दिवसभर टिपायचं आणि संध्याकाळी त्याच्या निर्मात्यांना कळवायचं.

९.३०

कारखान्याचं पान उघडते, उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडते. पानातल्या प्रत्येक भागाचं रूप ठरवणारे सीएसएस स्टाइलशीटचे नियम बाजूच्या चौकटीत दिसतात. आकड्यावर कर्सर ठेवून वरचा बाण दाबला की माप एकाने वाढतं, शिफ्टसह दाबला की दहाने. पान त्याच क्षणी बदलतं.

हॉकोन विउम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ च्या ऑक्टोबरात मांडली आणि पहिलं प्रमाण १९९६ च्या डिसेंबरात ठरलं. पण पुढे बरीच वर्षं आमच्या धंद्यातला क्रम ठरलेला होता : फाइलमध्ये आकडा बदला, फाइल चढवा, पान पुन्हा उघडा, नाही जमलं तर पुन्हा तेच. २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी फायरबग हे साधन आणलं आणि चालू पानावरच नियम बदलण्याची सवय असंख्य डिझायनरांना लागली. फायरबगचं स्वतंत्र काम २०१७ मध्ये थांबलं, पण तशा सोयी आता ब्राउझरमध्येच असतात. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

१०.३०

कारखान्याचे शेठ येतात. पूर्वी ते फोनवर सांगायचे, “बेन, निळा जरा घट्ट करा.” किती घट्ट, ते ना त्यांना सांगता यायचं, ना मला कळायचं. आज शेजारी खुर्ची घेऊन बसले आहेत. मी रंगाची चौकट उघडून ठिपका हळूहळू सरकवते. एका जागी ते म्हणतात, “बस, हाच.” मजकुराला त्यांना केशरी रंग हवा होता. पांढऱ्यावर तो लावून दाखवला आणि चौकटीतलं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तरही दाखवलं. नेहमीच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ ला १ असावं लागतं, केशरी त्याच्या बराच खाली राहतो. “म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला वाचताच येणार नाही,” असं म्हणून त्यांनी स्वतःच तो रंग सोडला.

वहीत पहिली नोंद : ग्राहकाला निकाल डोळ्यांसमोर दिसला की वाद उरत नाही. आणि त्यालाच जोडून दुसरी : जाताना त्यांनी विचारलं, “म्हणजे साइट बदलली ना?” नाही. हा बदल फक्त माझ्या पडद्यावर आहे, पान ताजं केलं की पुसला जाईल. नवख्या माणसाला हे एडिटरनेच ठळकपणे सांगायला हवं.

१२.१५

वाचनालयाकडून एक काका आले आहेत. त्यांची हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बडोदा संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली. त्याच बडोद्यातल्या वाचनालयाचं पान वाचायला त्रासदायक असणं काकांना सहन होत नाही.

पान उघडताच ते म्हणाले, “ताई, ओळी एकमेकींवर चढल्यात.” खरंच होतं. पानाचा तयार साचा रोमन अक्षरांसाठी केलेला, ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या १.२ पट. रोमनला ती चालून जाते. मराठीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. ‘कर्तृत्व’च्या खालच्या ओळीत ‘सर्वांगीण’ आला की वरचा ऋकार आणि खालचा रफार एकमेकांना भिडतात. मी उंची वाढवत गेले. १.४ ला काका म्हणाले, “अजून एक लेड घाला.” छापखान्यात दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालत, तिची आठवण त्यांच्या बोटांत आहे. १.७ वर त्यांनी मान डोलावली.

मग मथळा. साच्यात अक्षरांमध्ये दोन पिक्सेलचं अंतर होतं. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, गुजरातीला शिरोरेषाच नसल्यामुळे तिथेही फारसं खटकत नाही. मराठी मथळ्याची मात्र शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्य केलं आणि रेषा जुळली. पानाची भाषा ‘हिंदी’ अशी नोंदलेली होती, तिथे मराठीचा संकेत लिहिला. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात, त्यात एवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे होतात. काका खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, “हा आमचा ल.”

२.००

डब्याच्या वेळी प्रोग्रामर सहकाऱ्याने आपलं मत दिलं. त्याच्या मते अशा एडिटरमुळे मुलं नियम समजून न घेता आकडे हलवत बसतात. एका घटकापुरतं ठिगळ लावून पुढे जातात आणि मूळ स्टाइलशीट गबाळी होते. त्याचं म्हणणं मला पटतं, म्हणून तेही वहीत उतरवलं.

३.३०

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधले विद्यार्थी शिकायला येतात. महागडी सॉफ्टवेअर घेणं त्यांच्यातल्या अनेकांना परवडत नाही. ब्राउझर मात्र प्रत्येकाकडे आहे. फॉन्टही मोफत मिळतात : मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्त’ देवनागरीसाठी, त्याच कुटुंबातला ‘मुक्त वाणी’ गुजरातीसाठी. बडोद्यासारख्या द्विभाषिक शहरात ही जोडी फार कामाची आहे.

सहकाऱ्याचा मुद्दा लक्षात ठेवून मी शिस्त घातली : आकडा हलवण्याआधी काय होईल ते तोंडाने सांगायचं, मग हलवायचा. एक मुलगी म्हणाली, “पुस्तकातून वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं, हे राहील.” दुसऱ्याला मोबाइलच्या रुंदीत पान पाहताना कळलं की बटणावरची वेलांटी वरून कापली जाते, कारण बटणाची उंची ठरवून टाकली होती. त्याने ती ठरलेली उंची काढली आणि आतली मोकळी जागा वाढवली. हा दोष कुणीही दाखवला नव्हता, त्याने स्वतः शोधला.

५.१५

दिवसभर ठरलेली मापं आता मूळ स्टाइलशीटमध्ये लिहायची. बदलांची यादी एडिटर देतो, पण मी ती जशीच्या तशी चिकटवत नाही. मराठी मजकुरासाठी एक नियम, गुजरातीसाठी एक, म्हणजे पुढच्या प्रत्येक पानाला ते आपोआप लागू होतील.

६.३०

वहीतल्या नोंदी घेऊन बसते. फायरफॉक्सच्या बगझिला या दोष-सूचना नोंदवण्याच्या संकेतस्थळावर कुणीही खातं उघडून सूचना नोंदवू शकतं. जो नियम एखाद्या घटकाला लागूच होत नाही, तो फायरफॉक्सचा एडिटर आज फिकट दाखवतो आणि त्याचं कारणही सांगतो. माझी मागणी त्याच धर्तीची आहे : शिरोरेषा असलेल्या लिपीवर अक्षरांमधलं अंतर वाढवलं, किंवा ऋकार आणि रफार एकमेकांना भिडतील इतकी ओळ आवळली, तर तसाच इशारा द्यावा. सोबत आजच्या ओळींची आधीची आणि नंतरची चित्रं जोडते.

ही साधनं बनवणाऱ्यांना देवनागरी येत असेलच असं नाही, म्हणून सोसणाऱ्याने सांगितलं पाहिजे. मोफत मिळालेल्या वस्तूचं मोल आपण पैशांत देत नाही, ते अशा अनुभवांत द्यायचं असतं. मराठी-गुजरातीत काम करणाऱ्या प्रत्येक डिझायनरने वर्षातून एक जरी सूचना पाठवली, तरी पुढच्या मुलांना हे साचे दुरुस्त करत बसावं लागणार नाही. माझी आजची सूचना पाठवली आहे. उद्या विद्यार्थ्यांना त्यांची लिहायला बसवणार आहे.