बिनझेंड्याचा उमेदवार

जिल्हा परिषदेची निवडणूक आली की आपल्या वाशिम जिल्ह्यात एक गोष्ट हटकून घडते. पक्षांची तिकिटे वाटली जातात आणि त्याच रात्री कुणाच्या तरी ओसरीवर बैठक बसते. चहा होतो, तंबाखू मळली जाते आणि कुणीतरी म्हणते, "भाऊ, तुम्ही अपक्षच उभे राहा. सारं गाव तुमच्या मागं आहे." भाऊ मान डोलावतात. आत चुलीपाशी घरची बाई मात्र गप्प झालेली असते. यंदाच्या सोयाबीनचे पैसे कुठे जाणार, हे तिला ओसरीवरच्या मंडळींच्या आधी कळलेले असते. आता निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, म्हणून पुष्कळदा फॉर्मवर नावही तिचेच पडते. पण तिला कुणी विचारलेले असतेच असे नाही!

अपक्ष उभे राहू नये असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण उभे राहण्याआधी, आणि अपक्षाला मत देण्याआधीही, काही हिशेब घरात बसून करावा.

पहिला हिशेब गावाचा. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हे नसतात. तिथे गावातला माणूस गावातल्या माणसाशी लढतो आणि एका अर्थाने सगळेच अपक्ष असतात. तिथे निवडून आलेल्या माणसाला वाटते, हेच गणित वर चालेल. ते चालत नाही. वाशिम जिल्हा परिषदेचे गट ५२. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी आत होती. म्हणजे एका गटात सरासरी एकोणीस हजार माणसे आणि दहा-पंधरा गावे. तुमचे सारे गाव तुमच्या मागे असले, तरी बाकीच्या गावांत तुमचे नाव कोण सांगणार?

नाव सांगण्यापेक्षाही अवघड काम चिन्ह सांगण्याचे. पक्षाचे चिन्ह आपल्या आजोबांपासून ओळखीचे असते. त्याची ताकद किती, हे वाशिमकरांना वेगळे सांगायला नको. १९८० साली इथल्या मतदारांनी दूर काश्मीरचे गुलाम नबी आझाद यांना लोकसभेवर निवडून दिले, आणि १९८४ ला पुन्हा दिले. त्यांना ना इथली बोली ठाऊक, ना इथली शेती. पण चिन्ह घरोघर ठाऊक होते.

आता याच्या उलट उदाहरण बघा. अनंतराव देशमुख हे याच मातीतले. १९८९ आणि १९९१ असे दोनदा ते वाशिमचे खासदार झाले. रिसोड-मालेगाव भागात त्यांना न ओळखणारे घर सापडणे कठीण. हेच अनंतराव २०१९ साली रिसोडमधून विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसचे अमित झनक यांच्याकडून दोन हजारांच्या आसपास मतांनी हरले. २०२४ ला पुन्हा अपक्ष उभे राहिले आणि पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर राहिले. एवढ्या जुन्या, नावाजलेल्या माणसाची ही गत. विधानसभेच्या यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावे वर असतात आणि अपक्षांची सगळ्यांत खाली. तिथपर्यंत मतदाराचे बोट नेणे हीच खरी लढाई असते.

जिल्हा परिषदेला हे आणखी बिकट होते. तुम्ही मतदान केंद्रात जाता तेव्हा दोन मते देता, एक जिल्हा परिषदेच्या गटाचे आणि दुसरे पंचायत समितीच्या गणाचे. एका गटात दोन गण असतात. पक्षाचा मतदार दोन्हीकडे एकच चिन्ह बघून बटण दाबतो आणि मोकळा होतो. अपक्षाच्या मतदाराला मात्र गटासाठी एक चिन्ह आणि गणासाठी दुसरे, असे दोन लक्षात ठेवावे लागते. म्हाताऱ्या आजीला घाईत हे कसे जमावे? म्हणून जाणते अपक्ष दोन्ही गणांत आपल्या विचाराचा उमेदवार आधी शोधतात आणि मगच फॉर्म भरतात. चिन्ह मागतानाही घरात रोज हाताळली जाणारी वस्तू मागावी. कपबशी कुणाला समजावून द्यावी लागत नाही. आणि हे चिन्ह हातात पडते ते माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानाला जेमतेम आठवडा-दीड आठवडा उरतो. तेवढ्या दिवसांत पंधरा गावे!

समजा, निवडून आलात. पुढे काय?

जानेवारी २०२० च्या निवडणुकीत वाशिम जिल्हा परिषदेत एकाही पक्षाला बहुमताच्या जवळ जाता आले नाही. अनंतरावांच्या जनविकास आघाडीनेही काही जागा जिंकल्या. अशा वेळी एकट्या सदस्यालाही भाव येतो, जो तो त्याच्या दाराशी गाडी लावतो. पण अध्यक्षाची निवड झाली की गाड्या येईनाशा होतात. विषय समित्यांवर आपापली माणसे गट बसवतात आणि एकट्याच्या वाट्याला उरलेले येते. पुष्कळ अपक्ष म्हणून एखाद्या पक्षाची वाट धरतात. इथे कायदा नीट समजून घ्यावा. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात शिरला तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. सभागृहात पाठिंबा देणे निराळे आणि गळ्यात दुपट्टा घालून घेणे निराळे.

मतदार म्हणून तुम्ही अपक्षाला हेच विचारावे: "निवडून आल्यावर कुणासोबत बसणार?" उत्तर टाळणारा उमेदवार ओळखू येतो. दुसरे विचारावे ते गटातल्या कामांचे. शाळेच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, अंगणवाडी, गावरस्ते, पाझर तलाव हे सारे जिल्हा परिषदेकडे येते. कर्जमाफी आणि सोयाबीनचा हमीभाव तिथे ठरत नाही. त्याची आश्वासने जिल्हा परिषदेच्या प्रचारात देणाऱ्याला, तो अपक्ष असो की पक्षाचा, हसून निरोप द्यावा.

अपक्षाचा एक फायदा मात्र आहे आणि तो लहान नाही. त्याला मुंबईहून कुणी गप्प बसायला सांगू शकत नाही. सभेत उठून, अमुक रस्त्याचे पैसे कुठे गेले, हे विचारायला तो मोकळा असतो. जानेवारी २०२५ मध्ये सदस्यांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा असे विचारणारा सदस्य नसला म्हणजे काय होते ते गावोगावच्या लोकांना कळले.

आता कागदांचे. वय २१ पूर्ण हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनावर गेली असेल तर फॉर्मच टिकत नाही. जिल्हा परिषदेची किंवा पंचायत समितीची थकबाकी असेल तर आधी भरून पावती घ्यावी. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचे काम आजच सुरू करावे, फॉर्म भरायच्या दिवशी नव्हे. आरक्षणाचाही भरवसा धरू नये. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांवरचे आरक्षण रद्द केले, तेव्हा वाशिमच्या १४ जागा रिकाम्या झाल्या आणि वर्ष-सव्वा वर्ष काम केलेल्या सदस्यांना घरी बसावे लागले. त्या जागांची पोटनिवडणूक ५ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली.

पक्षाच्या उमेदवाराचे कागद बघायला वकील आणि कार्यकर्ते असतात. अपक्षाचे घरच्यांनीच बघायचे असतात, आणि निकालानंतर तर कुणीच उरत नाही. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. हरलेल्यालाही तो चुकत नाही. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. तेव्हा जीपच्या डिझेलपासून चहाच्या किटलीपर्यंत प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवावी, आणि ती पिशवी घरच्या बाईच्या हाती द्यावी.