छप्पर काढलं की काय काय जातं?

१९६७ची शेव्हरोले कॅमारो कन्व्हर्टिबल. तिची डिकी उघडून मागच्या कोपऱ्यांत डोकावलं, तर लोखंडाची दोन बंद नळकांडी दिसतात. इंजिनाशी त्यांचा संबंध नाही, चाकांशी नाही, एक वायरही त्यांच्याकडे जात नाही. पुढच्या कोपऱ्यांत अशीच आणखी दोन. एकेक दहा-बारा किलोंचं. वेगासाठी घेतलेल्या गाडीत हे धोंडे कशाला?

बुटांचा खोका झाकण लावून पिळून पाहा. तो दाद देत नाही. झाकण काढा, लगेच वाकडा होतो. गाडीचं पोलादी छप्पर म्हणजे हेच झाकण, आणि कन्व्हर्टिबलला तेच नसतं. त्यात कॅमारोला पूर्ण लांबीची चासी नव्हती; पुढे एक छोटी चौकट, बाकी भार बॉडीवरच. खालून मजबुती वाढवली, तरी खराब रस्त्यावर बॉडी स्वतःच्या ठरावीक लयीत थरथरायचीच.

ही थरथर मारायला नळकांडी! आत तेलात बुडालेलं, स्प्रिंगवर झुलणारं एक वजन. स्प्रिंग अशी निवडलेली, की वजनाची लय बॉडीच्या लयीशी जुळावी. कोपरा वर उसळला की वजन मागे रेंगाळतं आणि त्याला खाली ओढतं. कोपरा खाली गेला की वर. कंपाची ऊर्जा तेलात उष्णता होऊन विरते. जर्मन अभियंता हर्मान फ्राम याला या तत्त्वाचं अमेरिकन पेटंट १९११ साली मिळालं होतं. आज तैपेई १०१ ही गगनचुंबी इमारत वादळात डोलू नये म्हणून तिच्यात टांगलेला ६६० टनांचा गोळा हेच काम करतो. कॅमारोवाल्यांनी मात्र नळकांड्यांना नाव ठेवलं ‘कॉकटेल शेकर’!

सुरक्षेतही १९६७च्या या गाडीत मोठी झेप होती. धडकेत स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून त्याच्या आवरणात चुरगळणारी जाळी आली. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग झाले. एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवू शके.

पण अमेरिकेत १९६८पासून पुढच्या सीटना खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा कन्व्हर्टिबलना त्यातून सूट मिळाली. पट्ट्याचं वरचं टोक अडकवायला छपराची कड लागते, आणि तीच तिथे नव्हती. छपराविना आलेली थरथर चार वजनांनी शमवता आली. गाडी उलटली तर डोक्यावर काय, याला मात्र नळकांड्यांकडे उत्तर नव्हतं.