घर हलवताना टेम्पो कोणता?

वन बीएचकेच्या सामानाला बहुतेक जण ‘छोटा हत्ती’ बोलावतात. २००५ साली आलेल्या टाटा एसचं हे लाडकं नाव. पण त्याचा हौदा जेमतेम सात फुटी. लोखंडी कपाट, दिवाण, फ्रिज असं सगळं असेल तर दोन फेऱ्यांपेक्षा मोठी पिकअपच बरी.

जड वस्तू आधी, केबिनला टेकवून. मधल्या फटींत गाद्या. पुस्तकं लहान खोक्यांतच भरा, मोठ्याचा तळ फाटतो. फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. मग पोहोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करावा.

पावसाळ्यात ताडपत्री आहे का, हे भाडं ठरवतानाच विचारा. हमाली आणि जिन्यांचे पैसेही तेव्हाच बोलून घ्या.