चाळिशीत गिरवलं आलेफ-बेत

रब्बी अकिवा म्हणजे ज्यू परंपरेतलं पंडितांमधलं अग्रगण्य नाव. पण वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळखसुद्धा नव्हती! मेंढरं राखायचे. जुनी कथा सांगते, की एकदा विहिरीच्या तोंडाशी पोखरलेला दगड दिसला. हे कुणी केलं, विचारलं, तर उत्तर मिळालं, रोज पडणाऱ्या पाण्यानं. मऊ पाणी दगडाला भोक पाडतं, मग माझ्या मनात अक्षरं का शिरणार नाहीत? अकिवा उठले आणि लेकाला घेऊन थेट पंतोजींकडे गेले. पाटीचं एक टोक बापाच्या हातात, दुसरं मुलाच्या. पंतोजींनी आलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, लिहून दिलं आणि दोघांनी ते सोबतच गिरवलं.

उशिरा शिकायला बसणाऱ्याला या परंपरेत कुणी हसत नाही, कारण तिचे कितीतरी थोर लोक असेच उशिरा आले. म्हणूनच मोठेपणी तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) आणि तालमूद शिकायला निघालेल्यांच्या या काही भन्नाट गोष्टी.

पान १ कुठे गेलं?

बाबिलोनी तालमूद म्हणजे कायदा, कथा, औषधपाणी आणि अखंड वादावादी यांचा दीड हजार वर्षांपूर्वीचा अफाट संग्रह. त्यातला जवळजवळ कुठलाही ग्रंथ उघडा, मजकूर सुरू होतो पान २ वर. मुखपृष्ठाचंच पान पहिलं धरायचं, असा छापखान्याचा हिशेब. पानाची मांडणीही छापखान्यातलीच. १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकानं पूर्ण तालमूद छापला आणि त्याचं पान पुढे कायम झालं. मधोमध मूळ मजकूर. एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या 'राशी' या पंडितांची टीका. दुसऱ्या बाजूला राशींच्या पुढच्या पिढ्या, त्यांत त्यांचे सख्खे नातूही, आजोबांचं म्हणणं बिनदिक्कत खोडून काढतायत. नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशी या कौटुंबिक भांडणात ओढला जातो.

शांतता राखू नका

अभ्यासाची खोली म्हणजे 'बेत मिद्राश'. तिथे पाऊल टाकलं की कानठळ्या बसतात. रीत अशी, की दोघांनी समोरासमोर बसायचं, मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि एकमेकांना अडवायचं. या जोडीला 'खव्रुता' म्हणतात.

या जोडीची सर्वांत हृदयस्पर्शी कथा तालमूदमध्येच आहे. रेश लाकिश हा आधी दरोडेखोर. यार्देन नदीत त्याची गाठ रब्बी योखानान यांच्याशी पडली आणि तो गडी धाड सोडून ग्रंथांकडे वळला. योखानान काही बोलले, की हा चोवीस हरकती घ्यायचा. योखानान चोवीस उत्तरं द्यायचे. पुढे दोघांत कटू भांडण झालं आणि रेश लाकिश वारला. योखानान खचले. त्यांच्या समाधानासाठी एलाझार बेन पदात नावाचा हुशार विद्वान धाडला गेला. तो प्रत्येक वाक्याला पुरावा जोडून म्हणायचा, तुमचंच बरोबर आहे. योखानान वैतागले: माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? मला तो हरकती घेणारा हवा. मित्राच्या नावानं हाका मारत ते फिरत राहिले.

मला विचाराल तर मोठ्या माणसांना शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकानं ही कथा वाचावी.

लाल पेनवाल्या बाई

१९२० मध्ये फ्रांकफुर्टला फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी मोठ्यांसाठी 'लेअरहाउस' ही शाळा चालवायला घेतली. आपल्या धर्माचं काहीच न शिकलेले डॉक्टर, वकील, व्यापारी हे विद्यार्थी. मार्टिन बुबर यांच्यासारखा तत्त्वज्ञ शिकवायला होता आणि बायबलच्या वर्गाला एदुआर्ड श्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञही होते.

आणि नेखामा लीबोविट्झ! त्यांचा वर्ग संपल्यावरही शिकत राहू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी १९४२ मध्ये त्यांनी त्या आठवड्याच्या तोरा-पाठावर प्रश्नपत्रिका काढली. अवघड प्रश्नापुढे एक फुली, फारच अवघड असेल तर दोन. मागणी वाढतच गेली आणि हा क्रम जवळजवळ तीस वर्षं चालला. उत्तरं टपालानं यायची आणि नेखामाबाई ती स्वतः लाल शाईनं तपासून परत धाडायच्या. १९९७ मध्ये त्या गेल्या. थडग्यावर नावासोबत त्यांच्या इच्छेनं एकच बिरूद आहे: शिक्षिका.

रात्रीचा दिवस

शावुओतच्या सणाला रात्रभर जागून ग्रंथ वाचतात. सोबतीला चीजकेक. सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफात (साफेद) गावात अशा जागरणांना बहर आला. त्यात त्या भागात नव्यानंच पोचलेल्या कॉफीचा मोठा वाटा होता, असं इतिहासकार एलियट होरोविट्झ यांनी मांडलंय. पटतंच!

हिब्रू शिका, मराठीतून

कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. हिब्रू बहुतेक विसरली होती, शमाची प्रार्थना तेवढी तोंडी टिकली होती. एकोणिसाव्या शतकात या समाजानं पुन्हा पुस्तकं हाती घेतली, तीही मराठीच्या आधारानं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं मराठी व्याकरण काढलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर या हेडमास्तरांनी प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. १८७४ च्या पुणे हगादाच्या, म्हणजे पेसाख सणाच्या पोथीच्या, चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी लाटणाऱ्या बायका लुगड्यात आहेत! त्याच शतकात या समाजात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रंगू लागली. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीपर्यंतही त्यामुळे मोशे आणि योसेफ पोचले. मला या सगळ्यात ही कीर्तनंच सर्वांत लाडकी.

रोज एक पान

१९२३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी एक साधी कल्पना मांडली: जगभरच्या ज्यूंनी तालमूदचं रोज एक, आणि तेही तेच, पान वाचावं. हाच 'दाफ योमी'. एकूण पानं २,७११, म्हणजे जवळपास साडेसात वर्षं. कारकून लोकलमध्ये वाचतात, दुकानदार पहाटे. एखादा ग्रंथ संपला, की 'सियुम'ची मेजवानी होते आणि आम्ही तुझ्याकडे परत येऊ, असं त्या ग्रंथालाच वचन देतात. तेरावी फेरी पुरी होत आली तेव्हा, १ जानेवारी २०२० च्या थंडीत न्यू जर्सीच्या स्टेडियममध्ये नव्वद हजारांच्या घरात लोक जमले. त्याच आठवड्यात जेरुसलेममध्ये तीन हजारांवर स्त्रियांनी स्वतःचा सियुम केला. ज्यांच्या आज्यांना या ग्रंथाजवळ फिरकू दिलं जात नव्हतं, त्या.

सध्याची चौदावी फेरी ७ जून २०२७ ला संपते. दुसऱ्याच दिवशी पंधरावी सुरू: ग्रंथ बराखोत, पान २.