कॉम्प्युटरमधलं जुनं विंडोज काढायचंय? 'डिलीट' करण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर थेट डेस्कटॉप दिसण्याऐवजी आधी निळा पडदा येतो आणि विचारणा होते - विंडोज १० सुरू करायचं की विंडोज ११? काहीच निवडलं नाही, तर साधारण ३० सेकंदांनी ठरलेलं विंडोज आपोआप सुरू होतं.

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम असण्याला ड्युअल बूट म्हणतात. नवं विंडोज जमेल का, ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, याची खात्री नसली की बरेच जण जुनं तसंच ठेवून शेजारी नवं टाकून घेतात. पुढे नव्याची सवय होते. जुनं महिनोन् महिने उघडलंही जात नाही, पण डिस्कवरची जागा मात्र अडवून बसतं.

मग एक दिवस ते काढायचं ठरतं. एखादं पार्टिशन सॉफ्टवेअर घेऊन जुना ड्राइव्ह पुसला जातो, किंवा जुनी हार्ड डिस्कच काढून बाजूला ठेवली जाते. आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरूच होत नाही. नव्या विंडोजला तर कुणी हातही लावलेला नसतो. मग असं का होतं?

जुनं तसंच राहू दिलं तर बिघडलं कुठे?

जागेचा प्रश्न आहेच. विंडोज, त्याचे अपडेट्स आणि जुनी सॉफ्टवेअर मिळून सहज ३०-४० जीबी जागा खातात. २५६ जीबीच्या एसएसडीवर ही जागा कमी नाही.

पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. सपोर्ट थांबला म्हणजे नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट्स मिळणं बंद झालं.

जुनं विंडोज सुरू असताना नव्या विंडोजचा ड्राइव्ह त्याला बाकीच्या ड्राइव्हसारखाच दिसतो. त्यामुळे जुन्यात शिरलेला व्हायरस नव्याच्या फाइल्सपर्यंतही पोहोचू शकतो. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तरच त्याला अडसर असतो.

बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचं छोटं सॉफ्टवेअर जागं होतं. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये यूईएफआय. हे सॉफ्टवेअर डिस्कवर बूट मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्राम शोधतं. कोणकोणती विंडोज आहेत आणि कुठे आहेत, याची यादी या बूट मॅनेजरकडे असते. निळ्या पडद्यावर दिसते ती हीच यादी.

अडचण अशी की दोन विंडोज असली तरी बूट मॅनेजर बहुतेक वेळा एकच असतो. नवं विंडोज टाकताना आधीचा बूट मॅनेजर सापडला, तर इन्स्टॉलर नवा तयार न करता त्याच जागेचा वापर करतो.

जुन्या घरामागे नवं घर बांधलं, पण रस्त्यावर उघडणारं दार जुन्याच घरात राहिलं, असा हा प्रकार आहे. जुनं घर पाडलं तर नव्याच्या भिंतींना धक्का लागत नाही, पण आत जायला वाटच उरत नाही.

वेग वाढावा म्हणून एसएसडी बसवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असतानाच नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं जातं. विंडोज एसएसडीवर येतं, पण बूटच्या फाइल्स हार्ड डिस्कवरच राहतात.

'सिस्टीम' आणि 'बूट' या नावांचा घोळ

दार कुठे आहे हे शोधणं सोपं आहे. नव्या विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या बाजूला डिस्क ०, डिस्क १ अशा पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टीत पार्टिशनचे चौकोन आणि त्यात कंसात काही शब्द असतील.

इथे नावं उलटी वाटतात. 'बूट' असं लिहिलेल्या पार्टिशनमध्ये सध्या सुरू असलेलं विंडोज असतं. आणि कॉम्प्युटर ज्या फाइल्सवरून सुरू होतो, त्या 'सिस्टीम' लिहिलेल्या पार्टिशनमध्ये असतात. यूईएफआय मशीनवर तिथे 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' असं दिसतं आणि ते सहसा १०० एमबीच्या आसपास असतं.

हा 'सिस्टीम' शब्द जुन्या विंडोजच्या पार्टिशनवर किंवा जुन्या डिस्कवर दिसला, तर थांबा. तो वेगळ्या छोट्या पार्टिशनवर किंवा नव्या विंडोजच्याच डिस्कवर असेल, तर जुनं काढायला हरकत नाही. मात्र 'सिस्टीम' लिहिलेला छोटा चौकोन तसाच राहू द्या.

अशा पार्टिशनवर राइट क्लिक केल्यावर 'डिलीट व्हॉल्यूम' हा पर्याय बहुधा पुसट दिसतो. अनेकांना तो अडथळा वाटतो आणि मग दुसरं सॉफ्टवेअर आणून तेच पार्टिशन पुसलं जातं. खरं तर विंडोज तिथे धोक्याची सूचनाच देत असतं.

ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका

ड्युअल बूटमध्ये चालू असलेलं विंडोज साधारणपणे स्वतःला सी ड्राइव्ह म्हणतं आणि दुसऱ्याला डी किंवा ई. म्हणजे जुन्यात असताना जो सी होता, तोच नव्यात गेल्यावर डी दिसू शकतो. त्यामुळे 'जुनं विंडोज सी मध्ये आहे' असं डोक्यात ठेवून काम केलं, तर भलताच ड्राइव्ह पुसला जाण्याची भीती असते. पार्टिशन किती जीबीचं आहे आणि आतल्या यूझर्स फोल्डरमध्ये काय आहे, ते पाहूनच ओळख पटवा.

पुसण्याआधी काय काय वाचवायचं?

फोटो आणि कागदपत्रं सगळ्यांना आठवतात. विसरतात त्या या गोष्टी:

- जुन्या यूझर्स फोल्डरमधले डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. ते फोल्डर उघडताना परवानगी मागितली गेली, तर अ‍ॅडमिन खात्यातून 'कंटिन्यू' करा.
- ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड. ते जुन्या विंडोजमध्ये जाऊनच एक्सपोर्ट करणं सोपं पडतं.
- टॅलीसारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. तो डॉक्युमेंट्समध्ये नसून वेगळ्याच फोल्डरमध्ये असू शकतो.
- जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइल्स युनिकोडमध्ये नसतील, तर तो फॉन्ट नसलेल्या विंडोजमध्ये मजकुराऐवजी अगम्य चिन्हं दिसतात. लग्नपत्रिका, दिवाळी अंक किंवा शाळेच्या प्रश्नपत्रिका करणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं.
- लायसन्स की. जुन्यात टाकलेलं सॉफ्टवेअर नव्यात आपोआप येत नाही, ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

हे सगळं एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-दोन फाइल्स उघडून पाहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर आणखी चांगलं.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. बूटच्या रचनेत बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करत असाल, तर ती बहुधा त्या खात्यात सेव्ह असते.

आणखी एक तयारी म्हणजे ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर नव्या विंडोजचं इन्स्टॉलर तयार करून ठेवा. हे काम कॉम्प्युटर चालू असतानाच करायचं आहे. तो बंद पडल्यावर पेनड्राइव्हसाठी शेजाऱ्याचा लॅपटॉप मागावा लागतो.

काढायचं कसं?

१. नव्या विंडोजमध्ये लॉग इन करा. स्टार्टमध्ये 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' शोधून उघडा आणि बूट टॅबवर जा. दोन्ही विंडोजची नावं दिसतील. 'करंट ओएस' लिहिलेलं नाव नव्याचंच आहे ना, ते पाहा.

२. नवं विंडोज निवडून 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' करा.

३. जुन्याचं नाव निवडून 'डिलीट' करा. इथे फक्त यादीतलं नाव जातं, डिस्कवरची एकही फाइल पुसली जात नाही.

४. रीस्टार्ट करा. आता निळा पडदा न येता थेट नवं विंडोज सुरू व्हायला हवं.

५. लगेच पुढे जाऊ नका. चार-आठ दिवस नेहमीसारखं काम करा. एखादी फाइल राहून गेली असेल तर या दिवसांत आठवते, आणि ती अजून डिस्कवर असते.

६. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन, 'सिस्टीम' शब्द नसल्याची पुन्हा खात्री करून, जुनं पार्टिशन फॉरमॅट करा.

जुनं विंडोज वेगळ्या डिस्कवर असेल, तर पुसण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, वायर काढा, जुन्या डिस्कची जोडणी सोडवा आणि पुन्हा सुरू करून पाहा. नवं विंडोज सुरू झालं तर ते जुन्या डिस्कवर अवलंबून नाही. नाही झालं तर दार जुन्या डिस्कवर आहे. ती परत जोडली की काम चालू राहतं. मात्र डिस्क काढण्याआधी बूटच्या फाइल्स नव्या डिस्कवर घ्याव्या लागतील. बीसीडीबूट या विंडोजच्याच कमांडने ते करता येतं, पण यूईएफआय मशीनवर त्यासाठी नव्या डिस्कवर आधी ईएफआय पार्टिशन तयार करावं लागतं. कमांडची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

रिकामी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडता येते का?

नेहमीच नाही. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय चालण्यासाठी मोकळी जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हला लागून उजव्या बाजूला असावी लागते. जुनं विंडोज सहसा आधी टाकलेलं असतं, त्यामुळे त्याची जागा डावीकडे येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असलं तरी गाडी अडते. पार्टिशन सरकवणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण काम चालू असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. त्यापेक्षा ती जागा फॉरमॅट करून फोटो-व्हिडिओंसाठी वेगळा ड्राइव्ह म्हणून वापरणं सोपं आणि सुरक्षित आहे.

आणि जुनी सिस्टीम लिनक्स असेल तर?

उबुंटूसारखं लिनक्स टाकल्यावर ग्रब नावाचा बूट मॅनेजर येतो. त्याची यादी आणि बाकीच्या फाइल्स लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. ते पार्टिशन आधी पुसलं, तर काळ्या पडद्यावर फक्त 'ग्रब' हा शब्द येऊन कॉम्प्युटर थांबतो. म्हणून यूईएफआय मशीनवर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज थेट सुरू होतंय का पाहा आणि मगच लिनक्सची पार्टिशन काढा. लिनक्सचं नाव विंडोजच्या सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये दिसत नाही, त्यामुळे वर दिलेली पद्धत तिथे लागू होत नाही.

इतकं करूनही कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर?

घाबरून पुन्हा विंडोज इन्स्टॉल करायला घेऊ नका. घाईत चुकीचं पार्टिशन निवडलं, तर वाचलेला डेटाही जातो. तयार ठेवलेला पेनड्राइव्ह लावा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि इन्स्टॉल करण्याऐवजी 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडा. त्यातला 'स्टार्टअप रिपेअर' हा पर्याय बिघडलेल्या बूट फाइल्स दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो. गरज पडली तर तो दोन-तीनदा चालवा.

तरीही जमलं नाही आणि मशीन दुकानात न्यायची वेळ आली, तर 'विंडोज मारून द्या' असं सांगू नका. 'डेटा तसाच ठेवून फक्त बूट दुरुस्त करा' असं स्पष्ट सांगा. पहिल्या वाक्याचा अर्थ अनेकदा सगळं फॉरमॅट करा, असाच घेतला जातो.