केबल ट्रे

केबल ट्रे म्हणजे विद्युत केबलींना सलग आधार देण्यासाठी भिंतीवर, छताखाली किंवा खांबांवर बसवलेली चौकट होय. कारखाने, वीजकेंद्रे, रुग्णालये व मोठ्या इमारतींमध्ये तिचा वापर होतो. बंद पाइपमधील वायरिंगच्या तुलनेत ट्रेमध्ये हवा खेळती राहते, तसेच नवी केबल टाकणे आणि दोष शोधणे सोपे जाते. ट्रे केवळ वजन पेलत नाही. केबल किती तापेल आणि आग लागल्यास ती कुठवर पसरेल, हेही ट्रेच्या निवडीवर व मांडणीवर अवलंबून असते.

प्रकार

शिडी ट्रेमध्ये दोन बाजूपट्ट्या व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या असतात. तो जाड वीजकेबलींसाठी योग्य ठरतो. छिद्रित ट्रेचा तळ छिद्रे पाडलेल्या पत्र्याचा असतो व त्यात मुख्यतः नियंत्रण केबल आणि बारीक वीजकेबल टाकतात. तारांचा जाळीदार ट्रे दूरसंचार व संगणकाच्या केबलींसाठी वापरतात. बंद तळाचा, झाकण असलेला ट्रे केबलींना संरक्षण देतो, पण उष्णता अडवतो. कोरड्या जागी जस्तलेपित पोलाद पुरेसे असते, तर गंजकारक वातावरणात फायबरग्लास किंवा स्टेनलेस स्टील निवडतात.

जिनिंग कारखान्यातील निवड

महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात परभणी, सेलू, मानवत इत्यादी ठिकाणी कापसाचे जिनिंग-प्रेसिंग चालते. सरकीपासून रुई वेगळी करताना बारीक तंतू हवेत उडतात आणि सपाट पृष्ठभागावर साचतात. केबलीवरील असा थर उष्णता बाहेर पडू देत नाही आणि ठिणगी पडल्यास पेटही घेतो. त्यामुळे छिद्रित ट्रेपेक्षा कमी पृष्ठभागाचा शिडी ट्रे येथे सोयीचा ठरतो. तो भिंतीलगत उभ्या कडेवर बसवल्यास तंतू आणखी कमी साचतात. झाकणामुळे तंतू केबलीवर पडत नाहीत, परंतु हवा कोंडल्याने केबलीची प्रवाहक्षमता नव्याने मोजावी लागते. शक्य असेल तेथे मुख्य ट्रेचा मार्ग रुई उडणाऱ्या दालनाबाहेरून नेणे अधिक सुरक्षित असते.

जिल्ह्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. अशा जमिनीत पुरलेल्या केबलींवर ताण येऊ शकतो, म्हणून कारखान्याच्या आवारात उंचावरील ट्रे हा उपयुक्त पर्याय असतो.

तापमानाचा परिणाम

भारतात हवेतील केबलीची प्रवाहक्षमता सामान्यतः ४० अंश सेल्सिअस परिसर-तापमान गृहीत धरून दिली जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली हे तापमान सहज ओलांडले जाते. पीव्हीसी आवरणाच्या वाहकाची मर्यादा ७० अंश, तर एक्सएलपीईची ९० अंश असते. म्हणून ४० अंशांना १०० अँपिअर वाहणारी पीव्हीसी केबल ५० अंशांना सुमारे ८२, तर तशीच एक्सएलपीई केबल सुमारे ८९ अँपिअरच वाहू शकते. केबल एकमेकींना चिकटून किंवा थरावर थर टाकल्यास ही क्षमता आणखी घटते. त्यामुळे वीजकेबल एका थरात, मध्ये अंतर ठेवून मांडतात.

भार व उभारणी

प्रतिमीटर २.५ किलोग्रॅम वजनाच्या ८ केबल आणि ५ किलोग्रॅमचा ट्रे मिळून प्रतिमीटर २५ किलोग्रॅम भार होतो. आधार दर २ मीटरवर असल्यास मधल्या प्रत्येक आधारावर सुमारे ५० किलोग्रॅम भार येतो. भविष्यातील केबलींसाठी यात वाढ धरावी लागते. आयईसी ६१५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुरक्षित कार्यभाराखाली ट्रेचा मध्यभागी झुकाव दोन आधारांमधील अंतराच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नसावा.

पोलादी ट्रे तापल्यावर लांब होतो. ३० मीटरचा ट्रे ४० अंशांच्या फरकाने सुमारे १४ मिलिमीटर वाढतो, म्हणून लांब मार्गावर प्रसरण-सांधे ठेवतात. कापलेल्या कडा घासून त्यांवर जस्तयुक्त रंग लावतात, अन्यथा केबलीचे आवरण सोलले जाते व गंज सुरू होतो. धातूच्या ट्रेचे सर्व भाग विद्युतदृष्ट्या सलग जोडून अर्थिंगला जोडणे आवश्यक असते. वीजकेबल व संदेशवहनाच्या केबल वेगळ्या ट्रेमध्ये किंवा मध्ये पडदी घालून ठेवतात. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागते.

आगरोध व देखभाल

ट्रे भिंतीतून आरपार जातो तेथील पोकळी आगरोधक पदार्थाने बंद करावी लागते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात २२ मार्च १९७५ रोजी अशाच जागेतून हवा गळते का, हे मेणबत्तीच्या ज्योतीने तपासताना ज्वलनशील फोमने पेट घेतला. आग ट्रेमधून पसरली आणि १,६०० हून अधिक केबलींचे नुकसान झाले.

जिनिंग कारखान्यात हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि हंगामात ठरावीक काळाने, वीजपुरवठा बंद करून ट्रेवरील तंतू काढणे, सांध्यांचे बोल्ट घट्ट करणे आणि अर्थिंगची सलगता तपासणे ही देखभालीची मुख्य कामे होत.