जमिनीचा विसावा आणि एक कर्जरोखा



आपल्या कोकणातले बेने इस्राएली पूर्वी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सातव्या दिवशी विसावा, हा यहुदी धर्माचा नियम. त्यांच्या मूळ देशात हाच नियम शेतालाही होता. सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी आणि गुरांनी खायचं. त्याच वर्षी कर्जही सोडून द्यायचं. अशी सात वेळा सात वर्षं झाली की ५०वं वर्ष योबेलचं. तेव्हा विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यायची.

पण ही वर्षं नेमकी कोणती? योबेल कधी पाळलं, याचा पक्का पुरावा मिळत नाही. सातव्या वर्षाच्या खुणा मात्र सापडतात, त्याही अडीअडचणीच्या प्रसंगांत. इ.स.पूर्व १६३च्या सुमारास बेथसूरच्या किल्ल्याला वेढा पडला. सातवं वर्ष असल्यामुळे आत धान्य नव्हतं आणि लोकांनी किल्ला सोडला. इ.स.पूर्व ३७मध्ये हेरोद राजाने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हाही सातव्या वर्षाची उपासमार होती, असं इतिहासकार जोसेफस सांगतो.

अशा नोंदींवरून १९व्या शतकात झुकरमन या अभ्यासकाने सातव्या वर्षांचा तक्ता मांडला. १९७३मध्ये वाखोल्डर यांनी तो एका वर्षाने पुढे सरकवला. घोळ होण्याचं एक कारण सोपं आहे. हे वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणजे आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या दोन वर्षांत विभागलं जातं.

वाखोल्डर यांचा एक आधार होता मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेला कर्जरोखा. तो रोमन सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ५५-५६चा. त्यात ऋणको लिहून देतो की सातवं वर्ष असलं तरी मी पैसे फेडीन. ‘असलं तरी’ की ‘आहे म्हणून’, या वाचनावरच अभ्यासकांचं एकमत नाही.

आजच्या इस्राएलमधली मोजणी झुकरमनच्या तक्त्याशी जुळते. तिथलं मागचं सातवं वर्ष २०२१-२२ होतं.

वर्षाचा वाद चालू राहील. मला मात्र तो ऋणको आठवत राहतो. कर्ज सोडायचा कायदा गरिबासाठीच होता. पण सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेई. मग गरजवंताला आपला हक्क आपल्याच हाताने सोडून द्यावा लागे. आपल्या गावातही अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घ्या, मैत्रिणींनो.